सिलिंडर हलका झालाय, पण कुणासाठी?

तुमच्या रूमवर शेवटचा गॅस सिलिंडर कुणी वर आणला, आठवतंय? नाव सोडा, चेहरा तरी? बेल वाजते, आपण एका कानातला इअरफोन तसाच ठेवून दार उघडतो, ओटीपी सांगतो. मग तो म्हणतो, तिसरा मजला आहे, वीस रुपये द्या. आणि आपण, कालच दोनशे रुपयांची कॉफी प्यायलेले आपण, त्याला सांगतो की डिलिव्हरीचे पैसे बिलातच धरलेले असतात. नियम म्हणून आपलं बरोबर असतं. तो घाम पुसतो, रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकतो आणि जिना उतरतो.

पुढच्या वेळी एक करा. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. ते वाचा. साधारण १५-१६ किलो निघेल. त्यात १४.२ किलो गॅस मिळवा. झाले ३० किलो. देशातल्या देशात विमानाने जाताना आपल्याला १५ किलोची चेक-इन बॅग मिळते आणि ती पट्ट्यावर ठेवतानासुद्धा आपण 'हुश्श' करतो. तशा दोन बॅगा एका खांद्यावर, त्याही गोल, गार आणि निसटणाऱ्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दिवसाला एकदा नाही, अनेकदा.

आता यातली चीड आणणारी गोष्ट. या ३० किलोंपैकी अर्ध्याहून जास्त वजन गॅसचं नाहीच. भांड्याचं आहे. आणि ते भांडं निम्म्याहून हलकं करता येतं, हे आपल्या देशात सगळ्यांना माहीत आहे. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२१ मध्ये कंपोझिट सिलिंडर बाजारात आणला. ५ किलो आणि १० किलो अशा दोन आकारांत. १० किलोवाला रिकामा असताना भरतो सहा किलोंच्या आसपास. भरलेला असताना सोळा.

मी मास कॉमची. बारावीनंतर फिजिक्सशी माझा संबंध सुटला तो सुटलाच. पण हा सिलिंडर नक्की असतो काय, हे समजून घ्यायला गेले आणि त्यातच अडकले. कारण आतली युक्ती इतकी साधी आहे की ती आपल्या अंगणात, मैदानात आणि गुढीपाडव्याला दारात उभी असते.

म्हणजे काय, तर ही एक प्लास्टिकची बाटली आहे. खरंच बाटली. पाण्याची बाटली किंवा तेलाचा कॅन ज्या तऱ्हेने बनतो, तशीच. गरम, मऊ प्लास्टिकची नळी साच्यात धरायची, आत हवा फुंकायची, ती फुगून साच्याला चिकटते. याला ब्लो मोल्डिंग म्हणतात. अशी एचडीपीई प्लास्टिकची पोकळ बाटली हा सिलिंडरचा आतला थर. तिचं काम एकच, गॅस गळू न देणं. दाब सोसायची ताकद तिच्यात नाही. घरातल्या गॅसचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दोन-तीन पट असतो. नुसती बाटली फुगून फुटेल.

म्हणून तिच्यावर धागा गुंडाळतात. काचेचा धागा. केसाहूनही बारीक असे हजारो तंतू एकत्र करून केलेला, रेझिनमध्ये भिजवलेला, न तुटलेला, अखंड. बाटली आडवी धरून फिरवायची आणि धागा सोडणारा हात तिच्या लांबीवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहायचा. संक्रांतीच्या आधी गच्चीवर बसून फिरकीवर मांजा गुंडाळलाय ना? बोटं पुढेमागे हलतात आणि मांजा तिरका तिरका बसत जातो? तेच. फक्त इथे बोटांऐवजी मशीन आहे आणि प्रत्येक वेढ्याचा कोन आधी ठरलेला आहे. मग हे सगळं तापवून पक्कं करतात आणि वरून प्लास्टिकचं जाळीदार जॅकेट चढवतात. बाहेरून बघितलं तर सिलिंडर कमी आणि मोठा वॉटर प्युरिफायर जास्त वाटतो.

आता कोनाबद्दल. इथे मला खरोखर मजा आली. बागेला पाणी घालायचा पाइप जुना होऊन फाटतो, तेव्हा तो कसा फाटतो? उभा चिरतो, लांबीच्या दिशेने. त्याचे आडवे दोन तुकडे पडत नाहीत. याचं कारण असं की गोल नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेने पडणारा ताण हा लांबीच्या दिशेने पडणाऱ्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. मेकॅनिकलवाल्यांना हे दुसऱ्या वर्षातच भेटतं, बाकीच्यांनी पाइप आठवावा. पोलादाची अडचण अशी की ते सगळ्या दिशांना सारखंच मजबूत असतं. घेराचा ताण सोसेल एवढी जाड भिंत केली, की लांबीच्या दिशेने त्यातली निम्मी ताकद नुसती बसून राहते. तिचं काही काम नाही, पण वजन आहे. आणि ते वजन कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर नेतंय.

धाग्याचं तसं नाही. जिथे ताण जास्त तिथे वेढे जास्त. नुसत्या तिरक्या वेढ्यांनीच भागवायचं म्हटलं, तर बाटलीच्या अक्षापासून साधारण ५५ अंशांच्या कोनात गुंडाळलं की ते दोनास एक हे प्रमाण आपोआप साधतं. प्रत्यक्षात आडवे आणि तिरके असे दोन्ही प्रकारचे वेढे मिसळून वापरतात. त्यात काचेची घनता पोलादाच्या एक तृतीयांश. भांडं हलकं होतं ते असं. त्यात जादू काही नाही, बिनकामाचं वजन फक्त काढून टाकलंय.

बागेचा तो पारदर्शक पाइप पुन्हा बघा. त्याच्या प्लास्टिकमध्ये पांढऱ्या दोऱ्याची चौकट-चौकट जाळी दिसते. तीच कल्पना, स्वस्तातली. तुमची बॅडमिंटनची रॅकेट ग्राफाइटची असेल तर तिची फ्रेम आतून पोकळ असते आणि कार्बनच्या लांब धाग्यांनी बनलेली असते. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे बांबू. आतून पोकळ, उभे अखंड तंतू, आणि तेही बाहेरच्या बाजूला जास्त दाट, म्हणजे वाकवताना जिथे सर्वात जास्त ताण येतो नेमके तिथेच. पूर्वी पाणी वाहणाऱ्याच्या खांद्यावर जी कावड असायची, तिची काठीही बांबूचीच. ओझं वाहणाऱ्यासाठी हलकं काहीतरी शोधावं, ही अक्कल आपल्याकडे होती, एवढंच मला म्हणायचंय.

हे तंत्र सगळीकडे चालतं असंही नाही. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली 'टायटन' पाणबुडी आठवते? पाच माणसं गेली. तिचा मुख्य दंडगोल कार्बन फायबर गुंडाळूनच केलेला होता. पण सिलिंडरमध्ये दाब आतून बाहेर असतो, धागे ताणले जातात. समुद्राच्या तळाशी दाब बाहेरून आत. दोरी ओढायच्या कामाची, ढकलायच्या नाही. अमेरिकी तटरक्षक दलाने २०२५ च्या अहवालात म्हटलं की ही दुर्घटना टाळता आली असती आणि पाणबुडीचं डिझाइन अपुरं होतं. त्यामुळे कुणी 'कार्बन फायबर आहे म्हणजे भारीच' असं म्हणालं, की विचारायचं, दाब कुठल्या बाजूने आहे?

घरगुती सिलिंडरच्या बाबतीत मात्र ही दिशा बरोबर आहे. आणखी एक फायदा आहे. आगीत सापडला तर याची भिंत झिरपायला लागते, गॅस हळूहळू बाहेर पडून जळतो. पोलादी सिलिंडर तापून एकदम फुटतो तशी भीती इथे कमी. शिवाय गंज नाही, फरशीवर लाल डाग नाहीत, आणि भिंत अर्धपारदर्शक असल्यामुळे आत किती गॅस उरलाय ते दिसतं. म्हणजे रात्री अकरा वाजता मॅगी अर्धी शिजलेली असताना गॅस संपणं हा प्रकार बंद.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. हा सिलिंडर लोकांपुढे आणला तो कसा? दिसायला छान, डाग पडत नाहीत, आधुनिक स्वयंपाकघराला शोभणारा. हलका आहे हेही सांगितलं गेलं, पण ते ग्राहकाच्या सोयीची गोष्ट म्हणून. ओट्याखाली सरकवायला सोपा. अरे, पण ओट्याखाली आपण तो सरकवतो दोन महिन्यांतून एकदा! रोज उचलतो तो वेगळाच माणूस. जाहिरातीच्या फोटोत तो नसतो.

पैशांचंही तसंच. सुरुवातीला १० किलोच्या कंपोझिट सिलिंडरचं डिपॉझिट ३,३५० रुपये होतं. त्या वेळी साध्या १४.२ किलोच्या सिलिंडरचं होतं १,४५०. म्हणजे हलकेपणाचे पैसे कोण भरणार? ज्याला परवडतं तो. ज्याला परवडतं तो राहतो कुठे? बऱ्याचदा लिफ्ट असलेल्या सोसायटीत. लिफ्टमध्ये ३० किलो काय नि १६ किलो काय. आणि बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी चार पोरं काय करणार? घरमालकाच्या नावावरचा जुना लाल सिलिंडर वापरणार. सर्वात हलकी वस्तू सर्वात कमी चढायचं असतं तिथे जाते आणि सर्वात जड वस्तू सर्वात जास्त चढायचं असतं तिथे. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही. म्हणून तर त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पण तक्रार करायची तर हिशोबही प्रामाणिक हवा. '३० किलोंचे १६ झाले' हे ऐकायला भारी वाटतं, पण त्यातले चार किलो तर गॅसच कमी भरल्यामुळे घटलेत. समजा एका घराला वर्षाला १४.२ किलोचे १२ सिलिंडर लागतात. म्हणजे १७० किलो गॅस. तेवढाच गॅस १० किलोच्या सिलिंडरमधून हवा तर १७ सिलिंडर. पोलादी सिलिंडरचे वर नेताना ३६० किलो, रिकामे खाली आणताना १९२, एकूण ५५२ किलो. कंपोझिटचे वर २७२, खाली १०२, एकूण ३७४. ओझं एक तृतीयांशाने घटलं, चांगलंच घटलं. पण फेऱ्या १२ च्या १७ झाल्या. प्रत्येक फेरीत माणूस स्वतःचं शरीरही वर चढवत असतो, ते तर कुणी मोजतच नाही. माझ्या मते तरीही सौदा कामगाराच्या बाजूचाच आहे. पाठ जाते ती एका वेळच्या वजनाने. १६ किलो उचलणं आणि ३० किलो उचलणं यात फरक नुसता आकड्याचा नाही, कमरेतून वाकावं लागतं की नाही याचा आहे. तरीही मोबदला कशावर मोजायचा, सिलिंडरवर की मजल्यांवर, हा प्रश्न हलक्या सिलिंडरने सुटत नाही. उलट तो समोर येतो.

माझ्या एका मैत्रिणीने, ती कॉमर्सची आहे, यावर जे विचारलं त्याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. ती म्हणाली, हलका केलास ना, की एकाऐवजी दोन उचलायला लावतील. दोन्ही खांद्यांवर एकेक. पुन्हा बत्तीसच किलो! हे अगदी शक्य आहे. यंत्राने वाचवलेले कष्ट कामगाराला परत मिळतातच असं नाही, ते मालकाच्या वेळापत्रकात जमा होतात. त्यामुळे नुसत्या मटेरियल सायन्सवर सोडून चालणार नाही, नियमही लागेल. एका फेरीत एकच, असा.

असा नियम कोण करणार, असं वाटत असेल तर आपल्याच राज्याकडे बघा. पुण्यात 'कष्टाची भाकर'मध्ये कधी ना कधी जेवला असाल. स्वस्त आणि पोटभर. ती हमाल पंचायतीची, बाबा आढावांच्या संघटनेची. एके काळी शंभर किलोचं पोतं एका पाठीवर चढायचं. ते पन्नासवर आणा, ही या हमालांची मागणी होती. आज सिमेंटचं काय, धान्याचं काय, पोतं पन्नास किलोंचं किंवा त्याहून कमी असतं. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. माणसाच्या पाठीवर किती वजन असावं हा प्रश्न राजकीय आहे, हे या राज्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी लोकांना कळत होतं. पोत्यात माल कमी भरला की काम भागत होतं. सिलिंडरच्या बाबतीत भांडंच बदलावं लागतं, म्हणून तिथे इंजिनीअर लागतो.

आता विरोधी बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा, आणि तो खरंच वजनदार आहे. पोलादी सिलिंडर म्हातारा झाला की भंगारात जातो, वितळतो, पुन्हा पोलाद होतो. काच आणि रेझिनचं काय? इथे प्लास्टिकच्या दोन जाती लक्षात घ्यायला हव्यात. एक उकडलेल्या अंड्यासारखी. एकदा घट्ट झाली की पुन्हा पातळ होत नाही. त्यांना थर्मोसेट म्हणतात. दुसरी मेणासारखी, तापवलं की मऊ, गार केलं की घट्ट, हवं तितक्या वेळा. ती थर्मोप्लास्टिक. गुंडाळून केलेल्या बहुतेक वस्तूंत आजवर पहिल्या जातीचं रेझिन वापरलं गेलं. सातारजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेला असाल, रील्सही काढल्या असतील. तिथल्या पवनचक्क्यांची पाती अशीच, आतून पोकळ आणि काचतंतूंची. त्या भागातल्या सर्वात जुन्या पवनचक्क्या आता पंचविशीला आल्यात. पाती वितळवून नवी पाती होत नाहीत. जगभर अशी पाती कापून जमिनीत पुरली गेली आहेत. आपण आज लाखो हलके सिलिंडर बनवू आणि वीस वर्षांनी त्यांचा डोंगर मागे ठेवू, हे मला तरी मान्य नाही.

पण म्हणून जुनं पोलादच बरं, असा निष्कर्ष निघत नाही. धागा मेणाच्या जातीच्या प्लास्टिकमध्ये आधीच बसवलेली पट्टी मिळते. ती गुंडाळताना जिथे चिकटवायची नेमकं तिथे लेझरने किंवा गरम हवेने क्षणभर वितळवायची, दाबायची, पुढे सरकायचं. भट्टीत तासन्‌तास शिजवायची गरज नाही. आणि वस्तू जुनी झाली की तिचा चुरा करून पुन्हा वितळवता येतो. धागे तुटतात, अखंड राहत नाहीत, त्यामुळे त्या चुऱ्यातून पुन्हा सिलिंडर होणार नाही. पण खुर्ची, पंखा, गाडीचा एखादा भाग होऊ शकतो. पोर्तुगालमध्ये ॲमट्रोल-अल्फा या कंपनीने पातळ पोलादी भांड्यावर काच आणि पॉलिप्रोपिलीनचे धागे गुंडाळून घरगुती गॅसचे सिलिंडर केले, तेही याच दुसऱ्या जातीतले. म्हणजे हे प्रयोगशाळेतलं स्वप्न नाहीये.

मग अडतं कुठे? वेळ आणि पैसा. बाटली काही सेकंदांत फुंकून होते, वेढे घालायला मिनिटं लागतात. एक मशीन एका वेळी मोजक्याच वस्तू गुंडाळतं. ही मिनिटं कमी करणं हे खरं इंजिनीअरिंग आहे आणि ते अजून बरंच बाकी आहे. आता इंजिनीअरिंगवाल्यांशी थेट बोलते. तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या याद्या मी पाहिल्यात. अटेंडन्सचं ॲप, पार्किंगचं ॲप, फेस रेकग्निशनने अटेंडन्सचं ॲप. अरे, किती अटेंडन्स घ्याल? मित्रांनो, तिसऱ्या मजल्यावर ३० किलो चढतायत रोज. भाड्याच्या घरात परवडेल असा, पुन्हा वितळणारा, हलका सिलिंडर, हा प्रोजेक्ट का नाही होत?

आणि हे काम नुसतं मेकॅनिकलचं नाही. धागा ताणात ठेवणं, तो तुटू न देता वेगाने सोडणं, ठरल्या कोनात बसवणं, हे कापडवाल्यांचं शास्त्र आहे. टोयोटा कंपनीचा जन्म मागाच्या कारखान्यातून झाला. त्याच टोयोटाने २०१४ मध्ये 'मिराई' ही हायड्रोजनवर चालणारी गाडी आणली. प्लास्टिकच्या अस्तरावर कार्बनचे धागे गुंडाळलेल्या तिच्या दोन टाक्या मिळून ८७.५ किलोंच्या, आणि त्यात मावणारा हायड्रोजन सुमारे ५ किलो. जगातलं सर्वोत्तम तंत्र वापरूनही भांडं आतल्या मालाच्या सतरापट जड! इकडे पुण्याच्या बजाजने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आणली, तिच्यात गॅस २ किलो आणि टाकी १६ किलोंच्या घरात. सीएनजीचा दाब २०० बारच्या आसपास, म्हणजे टायरच्या नव्वदेक पट, त्यामुळे हे होणारच. पण बघा ना, उद्याची गाडी कशावरही चालो, कुणाला तरी पोकळ भांड्यावर धागा गुंडाळत बसावंच लागणार आहे. इचलकरंजीत माग आहेत, टेक्स्टाइल शिकवणारं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिकचं शिक्षण देणारी 'सिपेट' आहे, मुंबईत आयसीटीमध्ये पॉलिमर विभाग आहे. देशातल्या गॅस सिलिंडरना मंजुरी देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे. धागा, प्लास्टिक आणि शिक्का, तिन्ही गोष्टी एका राज्यात. त्यांची एकमेकांशी ओळख मात्र कुणी करून दिलेली दिसत नाही.

माझी मागणी साधी आहे आणि ती तेल कंपन्यांकडे आहे. ज्या इमारतीला लिफ्ट नाही, ज्या वाडीपर्यंत गाडी जात नाही, तिथे हलका सिलिंडर आधी द्या आणि जुन्याच डिपॉझिटवर द्या. फरकाचे पैसे ग्राहकाकडून काढू नका. देशात घरगुती गॅसची तीस कोटींहून जास्त कनेक्शन्स आहेत, सगळी एका वर्षात बदलणार नाहीत, हे मलाही कळतं. पण सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं. आज ती सुरुवात पैसे असलेल्याच्या दारातून होतेय. ती जिन्यावरून व्हावी. आणि नवे सिलिंडर घेताना जुने झाल्यावर त्यांचं काय करणार, हे बनवणाऱ्याकडून आधी लिहून घ्या.

तोवर आपण काय करू शकतो? एजन्सीत फोन करून कंपोझिट मिळतो का, एवढं विचारू शकतो. कदाचित उत्तर 'नाही' येईल, कदाचित समोरच्याला तो काय असतो हेच माहीत नसेल. तरी विचारा, कारण मागणीच नाही म्हणून आम्ही ठेवत नाही, हे उत्तर फार सोपं असतं. चौघं मिळून राहत असाल तर वाढीव डिपॉझिट चारांत वाटलं जातं आणि कनेक्शन सोडताना ते परत मिळतं. घरमालकाला पटवायचं काम मात्र अवघड आहे, त्याला गॅसपेक्षा कागदपत्रांची भीती जास्त असते. आणि त्या वीस रुपयांचं म्हणाल, तर सिलिंडर बदलेपर्यंत ते देऊन टाका. नियम तुमच्या बाजूने आहे, पण जिना त्याने चढलाय.